बोटीवरचे पणजोबा आणि त्यांचे जहाज : जुन्या नोंदींतून शोध कसा घ्यावा

मुंबईत स्थायिक झालेल्या अनेक कोकणी कुटुंबांत “आमचे पणजोबा बोटीवर होते” एवढे एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते आणि माहिती तिथेच थांबते. बोट कोणती, कंपनी कोणती, ते डेकवर होते की इंजिनात, घरी परतले की समुद्रातच गेले, यांपैकी काहीच निश्चित ठाऊक नसते. ही माहिती बऱ्याच वेळा मिळू शकते. मात्र शोधाची दिशा आरंभीच नीट समजून घ्यावी लागते. ब्रिटिश काळातील व्यापारी जहाजांच्या नोंदी माणसांच्या नावांनुसार नव्हे, तर जहाजांनुसार ठेवल्या गेल्या. सफरीचे करारपत्र, त्याला जोडलेली खलाशांची यादी आणि कप्तानाची रोजनिशी हे सगळे जहाजाच्या क्रमांकाखाली बांधून ठेवले जाई. त्यामुळे जो संशोधक पणजोबांचे नाव संकेतस्थळांवर टाकत बसतो, त्याच्या हाती सहसा काही लागत नाही. आधी जहाज शोधावे, मग त्या जहाजाची त्या वर्षाची यादी मिळवावी आणि शेवटी यादीत नाव शोधावे, हाच क्रम फलदायी ठरतो. पुढील सर्व विवेचन या एका क्रमावर आधारलेले आहे.

घरातील कागदांपासून आरंभ

सर्वांत मोलाचा कागद म्हणजे कंटिन्युअस डिस्चार्ज सर्टिफिकेट, अर्थात सी.डी.सी. हे खलाशाचे सेवापुस्तकच असते. त्यात त्याचे नाव, वडिलांचे नाव, गाव, तालुका, जिल्हा, उंची, अंगावरची खूण व अंगठ्याचा ठसा आणि नंतरच्या काळातील पुस्तिकांत छायाचित्रही असते. पुढील पानांवर प्रत्येक सफरीची स्वतंत्र नोंद असते : जहाजाचे नाव, जहाजाचा अधिकृत क्रमांक, नोंदणीचे बंदर, खलाशाचा हुद्दा, जहाजावर चढल्याची व उतरल्याची तारीख आणि ठिकाण, वर्तणुकीचा शेरा. अशी पुस्तिका घरात सापडली, तर जहाज ओळखण्याचे काम बहुतांशी झालेच असे समजावे. तिच्या प्रत्येक पानाचे, कोऱ्या पानांसह, उजेडात छायाचित्र घ्यावे, कारण पाठीमागच्या कोऱ्या पानांवर कधीकधी पुसट शिक्के असतात आणि ते छायाचित्र मोठे केल्यावरच वाचता येतात.

पुस्तिका नसेल, तर ट्रंकेतल्या इतर कागदांकडे वळावे. मॅकिनॉन मॅकेंझी या कंपनीचा शिक्का असलेला लिफाफा किंवा पावती मिळाली, तर शोध बराच आखडतो, कारण ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन, म्हणजे लोकांच्या तोंडची बी.आय. कंपनी, आणि पी. ॲण्ड ओ. कंपनी या दोहोंचे मुंबईतील काम ही एजन्सी पाहत असे. खलाशाच्या पगारातून दरमहा घरी रक्कम देण्याची जी व्यवस्था होती, तिची ॲलॉटमेंट नोट, मनिऑर्डरीच्या पावत्यांचे तुकडे, खलाशी युनियनचे सभासदपत्र, १९६६ च्या कायद्यानुसार चालणाऱ्या सीमेन्स प्रॉव्हिडंट फंडाचा पत्रव्यवहार, हे सगळे कागद तारीख आणि कंपनी सांगतात. पहिल्या महायुद्धातील पदक घरी असेल, तर त्याची कड भिंगाखाली पाहावी. त्या काळच्या व्यापारी नौदलाच्या पदकांवर नाव कडेवर कोरलेले असे.

कागदांइतकेच महत्त्व ज्येष्ठांच्या आठवणींना आहे, पण प्रश्न नेमके विचारले पाहिजेत. “बोटीचे नाव काय होते?” या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. “त्यांना बोटीवर कोणी लावले?”, “ते किती महिन्यांनी घरी येत?”, “मुंबईत कोणत्या खोलीवर उतरत?”, “कोणाच्या लग्नाला ते हजर नव्हते?” या प्रश्नांना मात्र मिळते. शेवटच्या प्रश्नाने तर तारीख हाती लागते, कारण लग्नाचे वर्ष पत्रिकेवरून वा कुलवृत्तांतावरून काढता येते. वर्ष शालिवाहन शकात असेल, तर त्यात ७८ मिळवावेत. पौष ते फाल्गुन या काळातील बहुतेक तिथींना ७९ मिळवावे लागतात. एका वर्षाच्या या फरकाने चुकीच्या सफरीची यादी हाती येऊ शकते.

किती महिन्यांनी घरी येत, या प्रश्नाचे उत्तर सर्वांत आधी लिहून ठेवावे. आगोटीला, म्हणजे पावसाळा तोंडावर आला की ते दरवर्षी घरी येत आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा निघत, असे उत्तर आले, तर ते बहुधा गलबतावर, फत्तेमारीवर किंवा किनाऱ्याच्या आगबोटीवर होते. परदेशी जाणाऱ्या जहाजांच्या ज्या याद्यांविषयी पुढे लिहिले आहे, त्यांत ते सापडणार नाहीत. वर्ष-दीड वर्ष त्यांचा पत्ता नसे, मग काही महिने गावी राहून ते पुन्हा मुंबईस जात, असे उत्तर आले, तर ते परदेशी सफरीवर होते असे मानून पुढे चालावे.

हुद्दा, सारंग आणि गाव

जहाजावर हिंदी, म्हणजे भारतीय, खलाशांचे तीन विभाग असत आणि प्रत्येक विभागाची भरती वेगळ्या प्रदेशातून होत असे. डेकवर खलाशांचा मुख्य म्हणजे सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, सुकाणू धरणारे सुकाणी, दिवाबत्ती व भांडार सांभाळणारा कसाब आणि मग साधे खलाशी, अशी उतरंड होती. मुंबईत भरती होणाऱ्या जहाजांवर या विभागात रत्नागिरी जिल्ह्यातील, विशेषतः कोकणी मुसलमान समाजातील, माणसे फार मोठ्या संख्येने होती. इंजिन विभागात आगवाले, कोळसा ओढणारे आणि तेलवाले असत. तेथे पंजाबी व पठाण अधिक. खाण्यापिण्याच्या आणि खानपानसेवेच्या विभागात गोव्याचे ख्रिस्ती बटलर व आचारी. हे विभाग अगदी काटेकोर नव्हते, तरी घरातील आठवणीत हुद्दा आला, तर कोणत्या यादीचे कोणते पान पाहायचे ते ठरते. एक गोष्ट ध्यानात ठेवावी : जहाजाच्या यादीत ‘भंडारी’ असे लिहिलेले असेल, तर ती जात नसून खलाशांचा स्वयंपाकी असा तो हुद्दा आहे. भंडारी समाजातील वाचकांची इथे हमखास गल्लत होते.

सारंगाचे नाव कळले, तर ते पणजोबांच्या नावाइतकेच जपावे. सारंग आपल्या हाताखालची माणसे स्वतः आणीत असे आणि ती बहुधा त्याच्याच गावची, नात्यागोत्यातील असत. म्हणूनच एका यादीत एकाच खाडीकाठच्या गावांतील दहा-बारा नावे एकाखाली एक दिसतात. पणजोबांचे नाव पुसट किंवा विपरीत लिहिलेले असले, तरी सारंग ओळखीचा आणि शेजारची चार नावे गावातली निघाली, तर आपण योग्य यादीवर आलो आहोत हे कळते. ज्या गावांची मुंबईत गावकीची खोली होती, तेथील मंडळांच्या जुन्या वर्गणीवह्या अशा वेळी उपयोगी पडतात. मुसलमान समाजाच्या जमातींकडे आणि धोबीतलाव–माझगाव भागांतील गोवेकरांच्या कुडांकडेही, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक निवासांकडेही, अशा वह्या असू शकतात. या वह्यांकडे लोक दुर्लक्ष करतात, याचे वाईट वाटते, कारण कोणत्या वर्षी कोणता माणूस मुंबईत होता हे सांगणारा दुसरा कागद सामान्य खलाशाच्या बाबतीत क्वचितच उरलेला असतो.

नावाच्या लिखाणाविषयी आधीच मनाची तयारी असावी. यादीत आडनाव बहुधा नसते. माणसाचे नाव आणि त्यापुढे वडिलांचे नाव, एवढेच असते. आज घरात जे आडनाव चालते, ते कागदोपत्री पणजोबांच्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यापासून सुरू झालेले असू शकते. इंग्रज कारकुनाने नाव कानावर पडले तसे लिहिले आहे, तेव्हा एकाच माणसाचे नाव तीन सफरींत तीन प्रकारे आढळले तर नवल मानू नये. गावांचेही तसेच. विजयदुर्ग हे ‘विझियाद्रुग’ होते, वेंगुर्ले ‘विंगोर्ला’, रत्नागिरी ‘रटनागेरी’, आणि जंजिरा संस्थानचा मुलूख ‘हबसाण’ या नावाने येतो. आज जे गाव सिंधुदुर्गात आहे ते १९८१ पूर्वी रत्नागिरी जिल्ह्यात होते, आणि आजचा रायगड तेव्हा कुलाबा जिल्हा होता. सावंतवाडी व जंजिरा ही संस्थाने होती, गोवा पोर्तुगीजांकडे होता. त्यामुळे राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ‘ब्रिटिश हिंदी’ असे नसेल, म्हणून तो माणूस आपला नव्हे असा निष्कर्ष काढू नये. संभाव्य अशी सर्व रूपे एका कागदावर आधीच लिहून काढावीत. वय मात्र पुराव्यादाखल फारसे धरू नये, कारण ते अंदाजाने सांगितलेले आणि अंदाजाने लिहिलेले असे.

जहाज ओळखणे

जहाजाचे नाव घरात सांगितले जात असेल, तरी ते पुरेसे नाही. एकाच नावाची अनेक जहाजे होऊन गेली आहेत. बी.आय. कंपनीचे ‘करंजा’ हे याचे चांगले उदाहरण आहे. या नावाचे एक जहाज १९३१ साली बांधलेले होते आणि ते नोव्हेंबर १९४२ मध्ये अल्जीरियाच्या किनाऱ्याजवळ बूजी येथे बॉम्बहल्ल्यात बुडाले. त्याच नावाचे दुसरे जहाज १९४८ साली आले आणि मुंबई–पूर्व आफ्रिका मार्गावर चालले. आजोबा १९५२ साली ‘करंजा’वर होते असे घरातील कोणी सांगत असेल, तर ते दुसरे जहाज. शिवाय उरणजवळ करंजा हे गावही आहे, तेव्हा जुन्या पत्रात हा शब्द दिसला म्हणजे तो जहाजाचाच उल्लेख आहे असे लगेच धरू नये.

या गोंधळातून बाहेर काढणारी गोष्ट म्हणजे जहाजाचा अधिकृत क्रमांक. १८५४ च्या कायद्यानुसार १८५५ पासून ब्रिटिश नोंदणीच्या प्रत्येक जहाजाला असा क्रमांक दिला गेला. जहाजाचे नाव बदलले, मालक बदलला, नोंदणीचे बंदर बदलले, तरी ब्रिटिश नोंदणीत असेपर्यंत क्रमांक तोच राहतो आणि तो दुसऱ्या जहाजाला दिला जात नाही. स्वातंत्र्यापूर्वी मुंबईत नोंदलेल्या जहाजांनाही याच मालिकेतील क्रमांक होते. सी.डी.सी.मध्ये तो मिळाला नसेल, तर क्रू लिस्ट इंडेक्स प्रोजेक्ट या संकेतस्थळावर जहाजाच्या नावावरून क्रमांक आणि क्रमांकावरून नाव शोधता येते, आणि मर्कंटाइल नेव्ही लिस्ट या वार्षिक सूचीची जुनी पानेही तेथे पाहता येतात. नाव सारखे असलेली सर्व जहाजे तेथे एकत्र दिसतात. त्यांतून बांधणीचे वर्ष, टनभार, मालक आणि नोंदणीचे बंदर पाहून आपल्या कालखंडात न बसणारी वगळावीत. लॉईड्स रजिस्टर ही १७६४ पासूनची जहाजसूची लॉईड्स रजिस्टरच्या वारसा विभागाने संगणकावर विनामूल्य उपलब्ध केली आहे. जहाज पुढे बुडाले, मोडीत निघाले की विकले गेले, हे पाहण्यासाठी तिचे लागोपाठच्या वर्षांचे खंड ताडून पाहावेत. पी. ॲण्ड ओ. आणि बी.आय. या कंपन्यांच्या जहाजांसाठी पी. ॲण्ड ओ. हेरिटेजची प्रत्येक जहाजावरील माहितीपत्रके आधी वाचावीत.

घरात जहाजाचे नाव कोणालाच आठवत नसेल, पण एखादे छायाचित्र असेल, तर धुराड्याकडे पाहावे. बी.आय.चे धुराडे काळे आणि त्यावर दोन पांढरे पट्टे. क्लॅन लाइनचे काळे, दोन तांबडे पट्टे. एलरमन सिटी लाइनचे फिकट पिवळसर, वर काळे आणि मध्ये पांढरा पट्टा. कृष्णधवल छायाचित्रात तांबडा पट्टा गडद करडा दिसतो, पांढरा उजळ दिसतो, एवढ्यावरून बी.आय. आणि क्लॅन यांतला फरक करता येतो. पी. ॲण्ड ओ.ची जहाजे दीर्घ काळ काळ्या धुराड्यांची होती. १९३१ च्या ‘स्ट्रॅथनेव्हर’पासून आलेल्या ‘स्ट्रॅथ’ मालिकेतील जहाजांची अंगे पांढरी आणि धुराडी पिवळट रंगाची होती. जीवरक्षक कड्यावर आणि जीवरक्षक होड्यांवर जहाजाचे नाव व नोंदणीचे बंदर लिहिलेले असते. ते वाचण्यासाठी छायाचित्र उच्च दर्जाने स्कॅन करून घ्यावे. अंगातील जर्सीवर कंपनीची अक्षरे असू शकतात. नावाचा अर्धवट अवशेषही टाकाऊ नसतो : ‘सिटी ऑफ’ने सुरू होणारी नावे एलरमनची, ‘क्लॅन’ने सुरू होणारी क्लॅन लाइनची, आणि बी.आय.च्या बहुतेक जहाजांची नावे आकारान्त होती. ‘लॉयल्टी’चे नाव घरात घेतले जात असेल, तर ते सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे. हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले आणि त्याच दिवसाची आठवण म्हणून आपण राष्ट्रीय सागरी दिन पाळतो.

खलाशांच्या याद्या कुठे आहेत

क्रमांक आणि वर्ष निश्चित झाले की खऱ्या शोधाला आरंभ होतो. ब्रिटिश जहाजांच्या याद्या तीन ठिकाणी विखुरल्या आहेत आणि हे विभाजन नवख्या माणसाला चक्रावून टाकते. १८६१ ते १९३८ या काळातील सुमारे दहा टक्के याद्या लंडनजवळील क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये नमुन्यादाखल राखल्या आहेत. १८६१ व १८६२ या वर्षांच्या, आणि त्यापुढे ज्या वर्षांचा शेवटचा अंक ५ आहे, म्हणजे १८६५, १८७५, १८८५ अशा वर्षांच्या, उरलेल्या याद्या ग्रिनिच येथील नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये आहेत. बाकीच्या, साधारण सत्तर टक्के, याद्या कॅनडातील सेंट जॉन्स येथे मेमोरियल युनिव्हर्सिटीच्या मेरिटाइम हिस्टरी आर्काइव्हमध्ये आहेत. १९५१ ते १९७६ या काळातील याद्यांचा मोठा भागही तेथेच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील याद्या पुन्हा क्यू येथे, बीटी ३८१ या मालिकेत, जहाजाच्या क्रमांकानुसार लावलेल्या आहेत, आणि त्या काळात जहाज कोणत्या दिवशी कोणत्या बंदरात होते हे सांगणारी कार्डे बीटी ३८९ या मालिकेत आहेत.

१९१५ या वर्षाला विशेष महत्त्व आहे. त्या वर्षाच्या याद्यांचे स्वयंसेवकांनी लिप्यंतर केले असून त्या ग्रिनिचच्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात. पहिल्या महायुद्धाच्या आसपास बोटीवर असलेल्या पूर्वजासाठी इथूनच सुरुवात करावी. इथेही माणसाच्या नावाऐवजी जहाजाचे नाव टाकून पूर्ण यादी उघडावी आणि ओळीने वाचावी, कारण लिप्यंतर करणाऱ्यास कोकणी नावांचा परिचय नसल्यामुळे अक्षरे बदललेली असतात.

सेंट जॉन्सला किंवा क्यूला पत्र पाठवताना जहाजाचा क्रमांक, वर्ष, पणजोबांचे नाव सर्व संभाव्य रूपांत, हुद्दा आणि जहाज मुंबईहून निघाले असल्याचा अंदाज, एवढे लिहावे. वंशावळीची कहाणी लिहू नये. प्रतींसाठी शुल्क आकारले जाते, म्हणून आधी यादी उपलब्ध आहे का एवढेच विचारावे. आणखी एक गोष्ट आवर्जून लिहावी. हिंदी खलाशांचा करार मुंबईच्या शिपिंग मास्तरासमोर, म्हणजे खलाशांचे करार नोंदवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर, वेगळा होत असे आणि पुष्कळदा मुख्य यादीत युरोपीय अधिकाऱ्यांची नावे देऊन पुढे हिंदी खलाशांची केवळ संख्या दिलेली असते. अशा वेळी मुख्य यादीची प्रत येते, त्यात आपला माणूस नसतो, आणि शोध तिथेच संपला असे वाटते. म्हणून “हिंदी खलाशांच्या करारासह” असे स्पष्ट शब्द पत्रात असावेत. इंग्रजांच्या जहाजांवर आयुष्य घालवलेल्या माणसांची नावे केवळ आकड्यांत विरून जावीत, ही गोष्ट क्लेशदायक आहे, आणि म्हणूनच दुसरा करार मागण्याचा कंटाळा करू नये.

अमेरिकेच्या नोंदींचा उपयोग फार थोडे लोक करतात, आणि कित्येकदा उत्तर तिथेच दडलेले असते. अमेरिकन बंदरात येणाऱ्या जहाजांना आपल्या परदेशी खलाशांची नावे इमिग्रेशन अधिकाऱ्यांकडे द्यावी लागत. या याद्यांत हिंदी खलाशांची नावे एकेक करून लिहिलेली असतात, आणि त्यांसमोर वय, हुद्दा, नोकरीची वर्षे, उंची व वजनही असते. न्यूयॉर्क बंदराच्या १९२५ ते १९५७ या काळातील अशा याद्या फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर खाते उघडल्यास विनामूल्य पाहता येतात. सी.डी.सी.तील उंचीशी येथील उंची जुळली, तर तो मोठा पुरावा आहे. ऑस्ट्रेलियाकडे गेलेल्या जहाजांसाठी ट्रोव्ह या तेथील वृत्तपत्रसंग्रहात जहाजाचे नाव आणि वर्ष टाकून पाहावे. आगमन-प्रस्थान, अपघात, खलाशांचे तंटे यांच्या बातम्या तेथे सविस्तर मिळतात.

मुंबईतील दप्तरे

मुंबईतच राहणाऱ्यांनी पुढील ठिकाणी स्वतः जावे. काळा घोडा येथे एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार आहे. १८२१ पासूनच्या या दप्तरखान्यात मुंबई सरकारच्या मरीन डिपार्टमेंटच्या फायली आहेत. तेथे खलाशांच्या याद्या मिळतील अशी अपेक्षा ठेवू नये. तेथे मिळतात ते अर्ज, निवृत्तिवेतनाची प्रकरणे, अपघातांच्या चौकशा आणि बंदरांचा पत्रव्यवहार. जहाजाचे नाव व वर्ष माहीत असल्याशिवाय तिथे जाऊन उपयोग होत नाही. घरबसल्या पाहायचे असल्यास राष्ट्रीय अभिलेखागाराच्या अभिलेख पटल या संकेतस्थळावर वाणिज्य विभागाच्या फायलींचा शोध घेता येतो.

स्वातंत्र्यानंतरच्या खलाशासाठी बॅलार्ड पियर परिसरातील सरकारी शिपिंग ऑफिसकडे सी.डी.सी. क्रमांक, नाव, जन्मवर्ष व नात्याचा पुरावा जोडून लेखी अर्ज करावा. क्रमांक नसेल, तर उत्तर मिळण्याची शक्यता कमी होते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखालीही अर्ज करता येतो, परंतु प्रश्न नेमका आणि एकाच नोंदीपुरता असावा.

वृत्तपत्रांसाठी टाउन हॉलमधील एशियाटिक सोसायटी आणि दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय ही दोन ठिकाणे. टाइम्स ऑफ इंडियाच्या जुन्या अंकांतील जहाजांच्या आगमन-प्रस्थानाच्या रकान्यांवरून एखाद्या तारखेला मुंबईहून कोणती जहाजे सुटली हे समजते. पणजोबा अमुक लग्नानंतर आठवड्याभरात निघाले, एवढीच माहिती असेल, तर या रकान्यांतून तीन-चार जहाजांची यादी तयार होते आणि मग एकेक वगळत जाता येते.

गावाकडची महसुली दप्तरे मात्र सर्वांनी पाहावीत. समुद्रात मृत्यू पावलेल्या माणसाच्या नावावर जमीन असेल, तर वारसनोंद करावी लागलेली असते. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही आणि ६-क म्हणजे वारस नोंदवही, यांत मृत्यूची तारीख आणि कधीकधी “बोटीवर मयत” असा उल्लेखही मिळतो. जन्ममृत्यूच्या नोंदींसाठी गाव नमुना १४, म्हणजे जुने कोतवाल बुक, तहसील कार्यालयात मागावे. जुन्या नोंदी मोडी लिपीत असतात, म्हणून जाणकार मोडीवाचकास सोबत न्यावे किंवा प्रमाणित प्रत घेऊन त्याच्याकडून वाचून घ्यावी.

समुद्रात गेलेल्यांचा शोध

ब्रिटिश जहाजांवर मृत्यू पावलेल्या खलाशांच्या नोंदवह्या १८९१ ते १९७२ या काळासाठी क्यू येथे बीटी ३३४ या मालिकेत आहेत. युद्धकाळातील मृत्यूसाठी आधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या, युद्धातील मृतांच्या कबरी व स्मारके सांभाळणाऱ्या संस्थेचे संकेतस्थळ पाहावे. मशीद बंदर येथील इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धातील दोन हजारांहून अधिक अशा खलाशांचे स्मारक आहे, ज्यांना समुद्राखेरीज कबर नाही. दुसऱ्या महायुद्धातील शाही हिंदी नौदल आणि व्यापारी जहाजांवरील सहा हजारांहून अधिक मृतांची नावे मुंबई व चितगाव येथील स्मृतिग्रंथांत आहेत. ही सर्व नावे कमिशनच्या संकेतस्थळावर जहाजाच्या नावासह शोधता येतात. शोधताना सेवा म्हणून ‘इंडियन मर्चंट नेव्ही’ निवडावे आणि नावाऐवजी जहाजाचे नाव टाकावे.

येथे प्रवासी आणि खलाशी यांत फरक करणे आवश्यक आहे. ‘टिलावा’ हे बी.आय.चे जहाज २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून आफ्रिकेकडे निघाले आणि २३ नोव्हेंबरला जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोंनी बुडाले. त्यावर ७३२ प्रवासी, २२२ खलाशी व कर्मचारी आणि ४ तोफची, असे ९५८ लोक होते. २८० जण गेले. यातील खलाशी कमिशनच्या नोंदीत शोधावेत. प्रवासी शोधायचे असतील, तर वाट निराळी आहे, आणि तेथे वृत्तपत्रे व फेरफार नोंदीच कामी येतात. तसेच १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. घरात “बोट बुडाली त्यात गेले” असे सांगितले जात असेल, तर हा प्रसंग आधी तपासावा. ती व्यक्ती बोटीवर नोकरीस होती, की गावी जाण्यासाठी तिकीट काढून बसली होती, हे ठरल्याशिवाय खलाशांच्या याद्या मागवण्यात पैसे घालवू नयेत.

जुळणी पक्की करणे

नाव, वडिलांचे नाव, गाव आणि हुद्दा, या चारांपैकी तीन जुळल्याशिवाय तो माणूस आपला असे लिहू नये. ‘सखाराम बाळा’ किंवा ‘इब्राहिम हुसेन’ यांसारखी नावे एकाच वर्षाच्या याद्यांत अनेकदा येतात. तीन जुळल्यावरही एका स्वतंत्र कागदाचा आधार शोधावा : सारंगाचे गाव, अमेरिकन यादीतील उंची, मनिऑर्डरीवरील तारीख किंवा लग्नाच्या वेळची गैरहजेरी. प्रत्येक नोंदीपुढे ती कोठून मिळाली, मालिका कोणती, जहाजाचा क्रमांक कोणता आणि कोणत्या दिवशी पाहिली, हे त्याच वेळी लिहावे. घरात ऐकलेली गोष्ट आणि कागदावर सापडलेली गोष्ट वेगवेगळ्या शाईने लिहिणे उत्तम, कारण काही वर्षांनी दोन्ही एकमेकींत मिसळून जातात आणि पुढच्या पिढीस त्या वेगळ्या करता येत नाहीत.

शोधाअंती पूर्वज युद्धात शत्रूच्या हल्ल्यात गेले असे सिद्ध झाले आणि कमिशनच्या नोंदीत त्यांचे नाव आढळले नाही, तर ते समाविष्ट करण्यासाठी अर्ज करता येतो. व्यापारी जहाजावरील खलाशाचा मृत्यू युद्धजन्य कारणाने झालेला असावा लागतो. आजाराने झालेला मृत्यू त्यात धरला जात नाही. मृत्यूची तारीख पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या दरम्यानची असली पाहिजे. अर्जासोबत जहाजाची यादी, मृत खलाशांच्या नोंदवहीतील उतारा आणि मोडी असल्यास तिच्या प्रमाणित लिप्यंतरासह वारसनोंदीची प्रत जोडावी. वारसनोंदीतील नाव आणि यादीतील नाव यांत फरक असेल, तर दोन्ही रूपे एकाच माणसाची कशी, हे अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात सांगावे.